बांधावरच्या चोवीस बाभळी

आमच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, चिंचेची आहे, बाभळींची नाही. आंबा मोजतात, चिंच मोजतात, बाभूळ कोण मोजतो? ती आपली बांधावर उगवते, शेरडांच्या तोंडून वाचली तर वाढते आणि एक दिवस कुणीतरी तोडून नेते. आमच्याही बाभळी कुणी मोजल्या नव्हत्या. त्या मोजाव्या लागल्या वाटणीच्या वेळी. चोवीस भरल्या.

जमीन म्हणाल तर अडीच एकर. धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यात. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. अब्बांच्या तोंडी शेवटपर्यंत उस्मानाबादच होते. आम्ही मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचे काम ठरलेले. जत्रेला, नवसाला, लग्नकार्याला बकरे कापायचे आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. नवस फेडणारा हिंदू आणि सुरी फिरवणारा मुसलमान, यात गावाला कधी वावगे वाटले नाही. आम्ही चार भावंडे. थोरले भाई गावी शेती पाहतात, अम्मी त्यांच्याजवळ असते. आम्ही बाकीचे, दोघे भाऊ आणि आपा, देवनारला.

देवनारला आम्ही आलो ते बकऱ्यांच्या मागे. तिथला कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. त्याआधी मुंबईचा मोठा कत्तलखाना वांद्र्याला होता. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. खळ्यावर रासच नाही, तर मुलाण्याचा वाटा कुठला? अब्बांनी गावातली शेरडे गोळा केली, ट्रकमध्ये भरली आणि देवनार गाठले. त्या खेपेपासून आमचे घर दोन ठिकाणी नांदू लागले. वर्षातले आठ महिने अब्बा गोवंडीच्या खोलीत आणि चार महिने शेतावर. बकरी ईदच्या आधी देवनारला बाजार भरतो तेव्हा राजस्थानचे सिरोही आणि सोजत, उत्तरेकडचे जमनापारी असे उंचनिंच, देखणे बोकड येतात. त्यांच्यापुढे आमचा उस्मानाबादी ठेंगणा, काळा, लोंबत्या कानांचा. गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. अब्बा मात्र भाव सांगायच्या आधी त्याचा चारा सांगत. “बाभळीच्या शेंगांवर वाढलाय,” हे त्यांचे सर्टिफिकेट होते. उस्मानाबादी शेळी बहुतेक वेळा जुळी देते, कमी चाऱ्यावर तगते आणि काट्यातून पाला काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. गरिबाच्या घरी ती टिकली याचे कारण तिची जात, तसेच बांधावरची बाभूळ.

शेरडू आणि बाभूळ यांचा व्यवहार फार जुना आहे. चैत्र-वैशाखात रानात हिरवे पान उरत नाही. नेमक्या त्या दिवसांत बाभळीच्या शेंगा पिकून गळतात, मण्यांची माळ तुटून पडावी तशा. शेरडे त्या चवीने खातात. आतले बी टणक असते. काही बिया रवंथ करताना तोंडातून बाहेर पडतात, काही लेंड्यांतून. पोटातून जाऊन आलेल्या बीचे टरफल मऊ झालेले असते, ते पावसाला लवकर रुजते. वनखात्याच्या रोपवाटिकांसाठीसुद्धा शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून बाभळीचे बी गोळा करण्याची जुनी रीत आहे. म्हणजे आमच्या बाभळी आम्ही लावल्याच नाहीत. आमच्या शेरडांनी लावल्या. झाड लावणाऱ्याच्या नावे पाखरांनी खाल्लेला दाणाही सदक्यात धरला जातो, असे अब्बा सांगत. लहानपणी आपाने एकदा विचारले होते, “मग बाभळींचा सवाब शेरडांना का?” अब्बा हसून म्हणाले, “सवाब शेरडांना, सावली आपल्याला.”

आमच्या चोवीसांत नऊ रामकाठी आणि पंधरा तेलिया. रामकाठी फांद्या अंगाशी धरून सरळसोट वर जाते, तिची सावली थोडी, म्हणून ती शेताच्या मध्यावरही चालते. तेलिया पसरते, पण तिचे खोड भरीव. बाभळीचे लाकूड सागाच्या जवळजवळ दुप्पट कठीण. नांगर, कुळव, जू, गाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, सारे तिचेच. आमच्या गावचे सुतार थंडीत तोडलेली बाभूळ सोलून काही महिने पाण्यात टाकून ठेवीत, मगच तिला हत्यार लावीत. पाण्यात मुरलेल्या लाकडाला भुंगा लवकर लागत नाही. सालीच्या चिरेतून डिंक येतो. आपाच्या दोन्ही बाळंतपणांना अम्मीने गावाहून देवनारला डिंक धाडला होता, फडक्यात बांधून, पोस्टाने नव्हे, ट्रकवाल्याच्या हाती. रमजानात अब्बांना दातवण बाभळीचेच लागे. गोवंडीत ब्रश मिळत होता, पण खेपेला आलेल्या ट्रकमध्ये कोवळ्या काड्यांची जुडी असायचीच.

आणि साल. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात. आमच्या लहानपणी ढोर समाजातले कारागीर गावात येत, तोडलेल्या झाडाची साल मागून नेत. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. कातड्याची पिशवी शिवून तिच्यात ते पाणी भरून टांगण्याची पद्धत आहे. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानला तशाच चपला मांडल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून खूप गवगवा झाला. चपलेवर सगळे बोलले, सालीवर कुणी बोलले नाही. देवनारचे कातडे धारावीला जाई. तिथले कातडी कमावण्याचे बहुतेक कारखाने पुढे शहराबाहेर गेले, वस्तू बनवणारी दुकाने राहिली. झाडपाल्याच्या कमाईची जागा मोठ्या प्रमाणावर क्रोमच्या रसायनांनी घेतली आणि गावात साल मागायला येणारा माणूस येईनासा झाला.

मग एकेक करून बाकीचेही गेले. बैलगाडी गेली तसे चाक गेले, ट्रॅक्टर आला तसा नांगर गेला, गॅस आला तसे सरपण गेले. ज्या झाडाचे दहा उपयोग होते त्याचा एकच उरला, कोळसा. मुंबईत सायंकाळी शिगेखाली फुलणारा तो निखारा कुठल्या बांधावरून येतो हे कबाब खाणाऱ्याने कशाला विचारावे? आम्ही विचारतो, कारण आम्ही दोन्ही टोकांना राहतो.

बाभूळ राखायची म्हणजे नुसती न तोडणे नव्हे. अब्बांची रीत होती. बांधाचे त्यांनी तीन टप्पे पाडले होते: उत्तरेचा बांध, विहिरीकडचा आणि ओढ्याकडचा. दर वर्षी एकाच टप्प्याची छाटणी, म्हणजे प्रत्येक झाडाला दोन वर्षांची विश्रांती. छाटणी माघ-फाल्गुनात, चारा संपत आल्यावर. पावसाळ्यात पिवळी फुले आली की झाडाला हात लावायचा नाही. मधमाश्या त्यावर असतात आणि पुढच्या शेंगाही त्या फुलांतूनच यायच्या असतात. शेंड्याला धक्का नाही, पसाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायचे नाही. जाड फांदी तोडताना आधी खालून खाच आणि मग वरून घाव, नाहीतर फांदी आपल्या वजनाने खाली येताना खोडाची साल ओरबाडून नेते. साल काढायची ती तोडलेल्या फांदीची. उभ्या खोडाची साल गोल सोलली की झाड मेलेच समजा. लहान रोपाच्या खालच्या फांद्या वेळेवर काढल्या तर पुढे खोड सरळ मिळते. आणि पहिली तीन वर्षे त्या रोपाभोवती कुंपण हवे. तेही त्याच्याच आईच्या काट्यांचे, कारण ज्या शेरडाने बी पेरले तेच पहिल्यांदा शेंडा खायला येते.

शेंगा देण्यातही बेत लागतो. साल आणि पाल्याप्रमाणे शेंगांतही तुरटपणा भरपूर, नुसत्या त्यावर जनावर ठेवले तर कोठा जड होतो. अम्मी शेंगा कुटून कडब्याच्या कुट्टीत मिसळते. कुटल्याने बी फुटते आणि त्यातले सत्त्व अंगी लागते.

तोटाही सांगितला पाहिजे. तेलियाच्या खाली शाळू बारीक येतो. फांद्यांना सुगरणींची घरटी लोंबतात, त्या बघायला गोड, पण ज्वारी हुरड्यात आली की शेजारच्या शेतकऱ्याची तक्रार असतेच. बाभळीच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात हे खरे. ते त्याला सांगून उपयोग नाही. त्याला दिसते ती सावली.

बाभूळ म्हटले की लोक दोन-तीन झाडांची गल्लत करतात, म्हणून थोडे सांगावे लागते. ओढ्याकाठी माजते ती वेडी बाभूळ, मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या काळात ती या देशात आली. तिच्याही शेंगा शेरडे खातात, पाला मात्र खात नाहीत. तोडली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते, तिच्याखाली गवत धरत नाही. तिसरी सुबाभूळ. तिचा प्रसार उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने केला. चाऱ्याला ती चांगली, पण चाऱ्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, अति झाल्यास जनावराचे केस गळतात. देवनारकडे जाताना हार्बर मार्गाच्या कडेने ती जागोजाग उगवलेली दिसते आणि ईदच्या आठवड्यात चाळीतली पोरे बकऱ्यासाठी तिच्या फांद्या ओढून आणतात.

जगातही हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत ब्लॅक लोकस्ट नावाचे काटेरी झाड आहे. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात ‘खोटी बाभूळ’ असा अर्थ घातला, कारण ते बाभळीसारखे दिसते पण तिच्या कुळीच्या या फांदीतले नाही. तेही जमिनीला नत्र देते, त्याचेही लाकूड कुंपणाच्या खांबांना वर्षानुवर्षे टिकते. पण त्याची साल आणि पाला घोड्यांना विषारी. युरोपात हंगेरीने ते इतके वाढवले की तिथल्या जंगलाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्याचाच आहे आणि त्याचा मध ‘अकेशिया हनी’ म्हणून जगभर जातो. काही देशांत मात्र तेच झाड घुसखोर ठरले आहे, कारण तोडले की मुळांमुळांतून फुटते. आपली बाभूळ तशी नाही. तिचा बुंधा तोडला की तो सहसा जोमाने फुटत नाही. खोट्या बाभळीला आवरावे लागते, खरीला सांभाळावे लागते.

सांभाळलेली बाभूळ काय देते ते आम्ही दुष्काळात पाहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. चारा छावण्या उघडल्या होत्या, पण त्या मुख्यतः गाई-बैलांच्या. शेरडांना कोण विचारतो? आमची अकरा शेरडे छाटलेल्या पाल्यावर आणि शेंगांवर तगली. गावात अनेकांनी मिळेल त्या भावाने विकली. त्या वर्षी अब्बांनी देवनारला एकही शेळी पाठवली नाही. म्हणाले, “बोकड विकावा, शेळी विकली की घर विकलं.”

२०१९ च्या हिवाळ्यात अब्बा गेले. पुढच्या वर्षी बकरी ईद १ ऑगस्टला होती. भाईंनी त्यासाठी सतरा बोकड तयार केले होते. कोरोनामुळे बाजार भरायचे नव्हते. जनावर फोनवर किंवा ऑनलाइन घ्या आणि कुर्बानी प्रतीकात्मक करा, अशा सरकारच्या सूचना होत्या. शेंगांवर वाढलेला बोकड मोबाइलच्या फोटोत कसा दिसणार? तो तिथेही काळा आणि ठेंगणाच. भाईंनी ते तालुक्यात निम्म्या भावाने काढले. बियाण्याचे, औषधाचे देणे राहिले. तेव्हा एक कोळशाचा ठेकेदार बांधावर आला. सगळ्या बाभळींचे साठ हजार रोख, आणि वर बुंधे उपटायला जेसीबी फुकट. बांध मोकळा झाला की ट्रॅक्टर सरळ फिरेल, पुढेमागे ऊस लावता येईल. भाईंचे म्हणणे खोटे नव्हते. शेती ते करतात, उन्हात ते उभे राहतात, आणि देवनारला बसून झाडांवर प्रेम करणे सोपे असते हे आम्हालाही कळत होते.

डिसेंबरात आम्ही सगळे गावी जमलो. अब्बांचा तरका वाटायचा होता. हिशेब विलक्षण सुटसुटीत निघाला. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे. अम्मीचा आठवा हिस्सा, साडेबारा. उरलेल्या साडेसत्त्याऐंशीचे सात भाग; तिघा भावांना दोन-दोन, आपाला एक. म्हणजे आम्हा भावांना पंचवीस-पंचवीस आणि आपाला साडेबारा गुंठे. हिशेब कागदावर झाला आणि मग जे सगळीकडे होते ते झाले. गावातल्या एका वडीलधाऱ्याने आपाकडे पाहून म्हटले, “बेटी, तू तर तुझ्या घरी सुखी आहेस. भावांना सोडून दे.” आपल्या समाजात शरियतने मुलीला हिस्सा दिला आहे असे आपण व्यासपीठावर अभिमानाने सांगतो. घरात तोच हिस्सा हक्कसोडपत्रावर सही करून परत घेतला जातो, आणि बहिणीने सही केली की तिला मोठ्या मनाची म्हणतात. हिंदू घरांतही काही वेगळे घडत नाही.

आपा काही वेळ बोलली नाही. मग तिने भलतेच विचारले. “भाई, बाभळींचं काय ठरलं?”

“झाडं बांधावरची. बांध कुणाचा नसतो,” भाई म्हणाले.

“आणि साठ हजार?”

“ते सगळ्यांचे.”

“म्हणजे उभं झाड कुणाचं नाही, आडवं झालं की सगळ्यांचं. भाई, आधी मोजा तरी.”

म्हणून आम्ही मोजायला गेलो. चोवीस. आणि पुन्हा तोच हिशेब सुटला: अम्मीच्या तीन, आपाच्या तीन, भावांच्या सहा-सहा. आपा म्हणाली, “गुंठे तुम्ही कसा, त्याला माझी ना नाही. पण सही मी करणार नाही. आणि माझ्या तीन बाभळी उभ्या राहतील. अब्बांच्या शेतात माझं काहीतरी उभं असू दे.” इतका वेळ दाराशी बसलेली अम्मी म्हणाली, “माझ्याबी तीन राहू द्या.” भाई गप्प झाले. सहा झाडे कोणती, हे कुणी सांगितले नव्हते. त्यामुळे चोवीसही अडली.

देणे मात्र खरे होते. तोड निघाली ती ओढ्याकडे. आमच्या पोटखराब्यात वेडी बाभूळ माजली होती, आणि कोळशाला तीच सर्रास लागते. ठेकेदाराला आम्ही ती दिली, मुळासकट काढण्याच्या बोलीवर. बावीस हजार आले. उरलेले देणे देवनारच्या आम्ही दोघा भावांनी भरले. अब्बांच्या बाजाराच्या वहीत त्याच रात्री कलमे लिहिली गेली. एकट्याने कुणी झाड तोडायचे नाही. छाटणी अब्बांच्या तीन टप्प्यांप्रमाणेच. डिंक, लाकूड, शेंगा यांचे जे येईल त्याचे आठ भाग: अम्मी एक, आपा एक, भावांचे दोन-दोन. आणि जुने झाड काढायचे तर आधी दोन नवी रोपे शेरडाच्या तोंडापेक्षा उंच झालेली दाखवायची. खाली पाचही जणांच्या सह्या. त्या कागदावर आपाने सही केली. सातबाऱ्यावर तिचे नाव चढले.

पैशाच्या दृष्टीने आम्ही फार कमावले असे नाही. भाई अजूनही म्हणतात की बांध मोकळा असता तर चार पैसे जास्त आले असते, आणि त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. फक्त त्या हिशेबात २०१६ चा उन्हाळा धरलेला नसतो. मधल्या काळात विहिरीकडची एक तेलिया भुंग्याने पोखरली आणि वाऱ्याने पडली. तिच्या जागेजवळ पाच रोपे काट्यांत उभी आहेत, त्यांतली दोन भाईंनीच राखली. ओढ्याकाठी वेडी बाभूळ पुन्हा डोके काढते. बोटभर असतानाच उपटावी लागते, आणि तेही भाईच करतात. देवनारचा बाजार पुन्हा भरू लागल्यापासून आमचे बोकड पुन्हा जातात. गिऱ्हाईक आजही आधी राजस्थानच्या बोकडाकडेच वळते. आम्ही भावाआधी चारा सांगतो.

गेल्या माघात आपाची मुलगी छाटणीला आली होती. गोवंडीत वाढलेली पोर, आधी काट्याला भ्यायली. भाईंनी तिच्या हाती आकडी दिली आणि फांदी कुठून खाली ओढायची, पहिली खाच खालून का घालायची, हे दाखवले. येत्या माघात विहिरीकडच्या टप्प्याची पाळी आहे. शाळेला सुट्टी नसली तरी येणार, असे तिने मामाला कळवून ठेवले आहे.